सावामुराचा उजवा हात

प्रतिवर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस, बेसबॉलचा हंगाम सरत आला असता, जपानमधील काही निवृत्त पिचर एकत्र बसून एका पारितोषिकाचा निकाल करतात. फलंदाजाकडे चेंडू फेकणारा जो खेळाडू, ज्याचे कार्य आपल्या क्रिकेटमधील गोलंदाजासारखेच असते, त्याला त्या खेळात पिचर म्हणतात. आणि वर्षभरात ज्या पिचराची कामगिरी सर्वांत पराक्रमी ठरली त्याला मिळणारे हे पारितोषिक १९४७ साली, म्हणजे अमेरिकेतील सुप्रसिद्ध साय यंग पुरस्काराच्या नऊ वर्षे आधी, सुरू झाले. ते ज्याच्या नावाने दिले जाते तो एइजी सावामुरा क्योतो शहरातील एका व्यापारी शाळेचा विद्यार्थी होता, आणि पारितोषिक स्थापन झाले तेव्हा त्याला जलसमाधी मिळून दोन वर्षांहून अधिक काळ लोटला होता. मृत्यूसमयी त्याचे वय अवघे सत्तावीस होते. ज्या उजव्या हाताचा गौरव हे पारितोषिक पाऊणशे वर्षांहून अधिक काळ करीत आले आहे, तो हात मृत्यूच्या पुष्कळ आधीच निकामी झालेला होता. आणि तो कोणाच्या हुकुमाने निकामी झाला, व झाल्यावर त्या हाताच्या धन्याची वास्तपुस्त कोणी केली, हे प्रश्न जपानी लोकांनी विचारावयाचे तर आहेतच, परंतु शालेय क्रिकेटच्या पराक्रमांनी ज्यांचे ऊर भरून येतात अशा आपण मराठी माणसांनीही ते स्वतःला विचारण्याजोगे आहेत.

सावामुराचा जन्म १ फेब्रुवारी १९१७ रोजी उजियामादा येथे, म्हणजे शिंतो धर्माचे परमपवित्र देवस्थान जेथे आहे त्या आजच्या इसे नगरीत, एका भाजीविक्रेत्याच्या घरी झाला. शिक्षणासाठी तो क्योतोच्या व्यापारी शाळेत आला. क्योतो म्हटले की आपल्या मनात मंदिरे, उद्याने, चहाचा विधी आणि रेशमी वस्त्रे यांचेच चित्र उभे राहते, आणि ते खोटेही नाही; परंतु त्याच प्राचीन राजधानीला बेसबॉलचे वेड पहिल्यापासून होते. जपानमधील माध्यमिक शाळांची राष्ट्रीय स्पर्धा १९१५ साली प्रथम भरली तेव्हा तेरा डावांपर्यंत लांबलेल्या अंतिम सामन्यात अकिताच्या संघाला नमवून पहिले विजेतेपद पटकावले ते क्योतोच्या द्वितीय माध्यमिक शाळेने. ही स्पर्धा पुढे कोशिएन येथील विशाल क्रीडांगणावर भरू लागली, आणि त्या क्रीडांगणाचे नाव हेच स्पर्धेचे नाव होऊन बसले. शाळकरी मुलांच्या खेळाला तिथे जी प्रतिष्ठा आहे तिची कल्पना आपल्याला सहजासहजी येणार नाही. सारा देश कामधंदा सोडून तो खेळ ऐकतो आणि पाहतो. गावेच्या गावे आपल्या शाळेच्या मुलांमागे उभी राहतात. आणि एखादा सोळा-सतरा वर्षांचा मुलगा आठवडाभरात राष्ट्राचा लाडका होतो. क्योतोच्या व्यापारी शाळेचा पिचर या नात्याने सावामुरा १९३३ च्या वसंतात व १९३४ च्या वसंतात आणि उन्हाळ्यात या क्रीडांगणावर उतरला. डावा पाय उंच उचलून, अंग मागे झोकून, तो जो चेंडू टाकी त्याचा वेग त्या काळच्या शाळकरी फलंदाजांना पेलणारा नव्हता.

येथे एका सरकारी फर्मानाची हकीगत सांगणे भाग आहे, कारण तिच्यातूनच पुढील अनर्थपरंपरा निघाली असे माझे मत आहे. १९३२ साली जपानच्या शिक्षण खात्याने विद्यार्थ्यांच्या बेसबॉलवर नियंत्रण घालणारा हुकूम काढला. त्याचा उद्देश वरकरणी निंद्य नव्हता. वर्तमानपत्रे, रेल्वे कंपन्या आणि पुढारी हे मुलांच्या खेळाचा बाजार मांडीत होते आणि त्याला आळा घालणे इष्टच होते. परंतु हुकुमाने बाजार मांडणाऱ्यांना हात लावला नाही. बंधन घातले ते मुलांवर. विद्यार्थ्याने व्यावसायिक खेळाडूंशी खेळावयाचे नाही, खेळावयाचे असेल तर विद्यार्थी राहावयाचे नाही, अशी व्यवस्था झाली. दोन वर्षांनी योमिउरी वृत्तपत्राचे मालक मात्सुतारो शोरिकी यांनी अमेरिकेतील निवडक व्यावसायिकांचा संघ जपानमध्ये आणण्याचा बेत केला. त्यात बेब रूथ होता, लू गेहरिग होता, जिमी फॉक्स आणि चार्ली गेहरिंजर होते. व्यवस्थापक म्हणून वृद्ध कॉनी मॅक होते. त्यांच्यासमोर उभा करण्यासाठी जपानी संघ हवा होता आणि त्या संघाला पिचर हवा होता. तेव्हा सतरा वर्षांच्या सावामुराने शाळेचा दाखला हाती पडण्यापूर्वीच शाळा सोडली. विद्यापीठात जाण्याची त्याची इच्छा होती असे त्याचे चरित्रकार सांगतात. परंतु भाजीविक्रेत्याच्या घरात मुलाची इच्छा आणि घरचा हिशेब यांचा मेळ नेहमीच बसत नाही, हे आपल्याकडील कुटुंबांना सांगावे लागणार नाही.

२० नोव्हेंबर १९३४ रोजी शिझुओका येथील कुसानागी क्रीडांगणावर जे घडले त्याने सावामुराचे नाव अजरामर केले. अमेरिकन संघ त्या दौऱ्यात जपानी संघाशी झालेला प्रत्येक सामना जिंकत होता, आणि बहुतेक सामने इतक्या मोठ्या फरकाने जिंकत होता की त्यांना सामने म्हणणेही धाडसाचे व्हावे. सावामुराही आधीच्या सामन्यात मार खाऊन बसला होता. त्या दिवशी मात्र पहिल्या डावात गेहरिंजर आणि रूथ, व दुसऱ्या डावाच्या आरंभी गेहरिग आणि फॉक्स, असे जगातील चार अग्रगण्य फलंदाज त्याने एकामागोमाग एक स्ट्राइकआउट केले. म्हणजे चेंडूला अर्थपूर्ण स्पर्शही न करता त्यांना माघारी फिरावे लागले. सातव्या डावात गेहरिगने एक होमरन, म्हणजे थेट धाव मिळवून देणारा टोला, मारला आणि त्या एकाच धावेने जपानी संघ हरला. सावामुराने नऊ फलंदाजांना स्ट्राइकआउट केले होते. वक्र चेंडू टाकताना तो ओठ किंचित वाकडे करी व हे गेहरिगने हेरले, अशी एक आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, एका शाळकरी मुलाचे ओठ जगज्जेत्यांना निरखून पाहावे लागले यातच त्या दिवसाचे माहात्म्य येते. हा सामना हरलेला आहे, आणि तरीही जपानी क्रीडेतिहासात याहून अधिक आठवला जाणारा सामना क्वचितच असेल. पराजयातही मान ताठ ठेवणाऱ्या मुलात त्या राष्ट्राने स्वतःचे प्रतिबिंब पाहिले. त्यात आश्चर्य नाही. परंतु राष्ट्राने ज्यात स्वतःचे प्रतिबिंब पाहिले आहे अशा मुलाला पुढे स्वतःचे असे आयुष्य उरणे कठीण असते.

दौरा संपताच, २६ डिसेंबर १९३४ रोजी, शोरिकींनी व्यावसायिक संघ स्थापन केला. तोच पुढे तोक्यो जायंट्स या नावाने प्रसिद्धीस आला. सावामुरा त्याचा आधारस्तंभ होता. २५ सप्टेंबर १९३६ रोजी ओसाका टायगर्सविरुद्ध त्याने एकही हिट, म्हणजे फलंदाजाला बेस या धावेच्या वाटेवरील टप्प्यावर पोचविणारा फटका, न देता सामना संपविला. जपानी व्यावसायिक बेसबॉलमधील हा पहिला असा पराक्रम. १ मे १९३७ रोजी त्याच संघाविरुद्ध त्याची पुनरावृत्ती केली. १९३७ च्या वसंत हंगामातील त्याचे आकडे आजही जुन्या दप्तरात वाचताना विस्मय वाटतो: २४ विजय, ४ पराजय, १९६ स्ट्राइकआउट आणि दर नऊ डावांमागे ०.८१ धावा. सर्वश्रेष्ठ खेळाडूचा किताब त्या हंगामात प्रथमच दिला गेला आणि तो त्यालाच मिळाला. परंतु आणखी एक आकडा आहे, जो गौरवाच्या भाषणांत येत नाही. संघाचे एकूण सामने ५६ आणि त्यात एकट्या सावामुराने टाकलेले डाव २४४. म्हणजे जवळजवळ निम्मा हंगाम वीस वर्षांच्या एका हातावर टाकलेला होता. त्याच वर्षीच्या शरद हंगामात त्याची धार उतरली; विजय नऊ आणि पराजय सहा. युद्धाने त्याचा हात मोडला असे सर्वत्र लिहिलेले असते आणि ते यथार्थ आहे, परंतु युद्धाच्या हाती पडण्यापूर्वीच तो हात थकू लागला होता याचीही नोंद व्हावयास हवी.

१९३८ च्या जानेवारीत त्याला सैन्यात दाखल व्हावे लागले. विद्यापीठात शिकणाऱ्या तरुणांना त्या काळी लष्करभरतीतून मुदत मिळत असे, आणि ही सवलत १९४३ पर्यंत टिकली. काही व्यावसायिक संघ तर आपल्या खेळाडूंची नावे रात्रीच्या महाविद्यालयांत नोंदवून त्यांना भरतीतून वाचवीत. ज्याला सतराव्या वर्षी शाळा सोडावी लागली त्याच्यापाशी असे काही कवच नव्हते. विद्यार्थ्यांचे पावित्र्य राखण्यासाठी काढलेल्या हुकुमाने त्याला विद्यार्थिदशेतून बाहेर काढले आणि विद्यार्थी नसल्यामुळेच तो रणभूमीवर गेला, ही संगती मी उगाच जुळवीत नाही. सरकारी कागदांच्या एका गठ्ठ्यातून दुसऱ्या गठ्ठ्यात नाव जाताना माणसाचे काय होते याचा तो दाखला आहे. चीनमधील आघाडीवर त्याच्या वरिष्ठांना, साहजिकच, तो कोण हे ठाऊक होते. त्याला हातबॉम्ब फेकावयास लावीत. शत्रूवर तर लावीतच, परंतु कोण किती दूर फेकतो या कौतुकासाठीही लावीत. बेसबॉलच्या चेंडूचे वजन दीडशे ग्रॅमच्या आत असते. जपानी पायदळाचा हातबॉम्ब सुमारे साडेचारशे ग्रॅमचा. ज्या खांद्याची सारी रचना, सारी लय, सारे स्नायुज्ञान एका हलक्या चेंडूभोवती घडलेले, त्याच्याकडून तिप्पट वजनाचे लोखंड पुनःपुन्हा फेकवून घेण्यात आले. खांदा गेला. डाव्या हाताला गोळी लागली. शिवाय हिवतापाने शरीर पोखरले ते वेगळेच.

१९४० साली तो परत आला तेव्हा पूर्वीसारखा हात डोक्यावरून आणून चेंडू टाकणे त्याला शक्य राहिले नव्हते. त्याने बाजूने हात फिरवून टाकावयास आरंभ केला. वेग गेला होता म्हणून अचूकता आणि चातुर्य यांवर भिस्त ठेवली. आणि ६ जुलै १९४० रोजी नागोयाविरुद्ध पुन्हा एकदा, तिसऱ्यांदा, एकही हिट न देता सामना जिंकला. माझ्या मते कुसानागीच्या सामन्याहून हा सामना मोठा आहे. सतराव्या वर्षी निसर्गाने दिलेल्या देणगीवर माणूस अद्भुत गोष्टी करू शकतो. परंतु ती देणगी हिरावून घेतल्यानंतर, दुखऱ्या खांद्याने, निराळी विद्या नव्याने शिकून केलेला पराक्रम हा सर्वस्वी त्या माणसाचा स्वतःचा असतो. शिझुओकाला त्याचा पुतळा आहे, बेब रूथच्या जोडीला. नागोयाविरुद्धच्या त्या दिवसाचे स्मारक मात्र माझ्या वाचनात आलेले नाही.

१९४१ मध्ये त्याला पुन्हा बोलावणे आले आणि या वेळी फिलिपाइन्सला जावे लागले. १९४३ मध्ये परतल्यावर बाजूने टाकणेही जमेना, तेव्हा तो खालून हात आणून टाकू लागला. त्या वर्षी चार सामने, तीन पराजय, विजय एकही नाही. १९४४ च्या आरंभी संघाने त्याला सेवेतून कमी केले. हे वाक्य लिहिताना थोडे थांबावेसे वाटते. ज्या संघाची उभारणी ज्याच्या खांद्यावर झाली, त्या संघाने तो खांदा मोडल्यावर करार पुढे चालविला नाही. युद्धकाळ होता, संघाचे उत्पन्न बुडाले होते, कदाचित कोणाचाच इलाज नव्हता, हे सारे मान्य केले तरी संघाच्या चोपडीत सावामुराच्या नावे जी जमा होती तिच्याकडे त्या दिवशी कोणी पाहिले नाही. ऑक्टोबरमध्ये तिसरे बोलावणे आले. २ डिसेंबर १९४४ रोजी सैनिकांना फिलिपाइन्सकडे नेणारे जहाज याकुशिमा बेटाच्या पश्चिमेस अमेरिकन पाणबुडीच्या पाणतीराने बुडाले आणि सावामुरा त्याच्याबरोबर गेला. मागे पत्नी होती आणि तान्ही मुलगी होती.

मग सन्मान आले. १९४७ साली त्याचा चौदा हा क्रमांक संघाने कायमचा राखून ठेवला, त्याच वर्षी पारितोषिक निघाले, १९५९ मध्ये बेसबॉलच्या कीर्तिमंदिरात त्याची प्रतिष्ठापना झाली, १९८१ साली युद्धात मेलेल्या साठहून अधिक व्यावसायिक खेळाडूंच्या नावांची शिला तोक्योत उभी राहिली आणि तिच्यावर त्याचे नाव कोरले गेले. या सन्मानांविषयी मला अनादर नाही. परंतु सन्मानाचा खर्च फार अल्प असतो आणि जिवंत माणसाच्या जबाबदारीचा खर्च मोठा असतो, म्हणून संस्था पहिला खर्च उत्साहाने करतात व दुसरा टाळतात, हे आपल्याही अनुभवाचे आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीहून स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक घेऊन आले. त्यांच्या प्रवासखर्चासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डीकर यांना आपले घर गहाण टाकावे लागले होते. पुढे पोलीस खात्यात नोकरी करून खाशाबा निवृत्त झाले, १९८४ मध्ये अपघातात गेले, आणि अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला तो मृत्यूनंतर सोळा वर्षांनी. मरणोत्तर या शब्दावर आपल्या क्रीडाखात्यांचा भारी जीव आहे असे म्हणावेसे वाटते.

सावामुरा पारितोषिकाच्या २०२४ पर्यंतच्या अटी पाहिल्या तर मात्र मला अधिक गंभीर आक्षेप घ्यावासा वाटतो. २५ सामने खेळलेले असावेत, त्यांपैकी १० सामने आरंभापासून शेवटपर्यंत एकट्याने टाकलेले असावेत, १५ विजय असावेत, डाव २०० भरावेत, स्ट्राइकआउट १५० असावेत, इत्यादी. या मोजपट्ट्या सावामुराच्या पिढीच्या आहेत. आज संघ एका सामन्यात तीन-चार पिचर वापरतात, कारण शरीरशास्त्राने जे सांगितले ते त्यांनी ऐकले. त्यामुळे एका माणसाने दहा सामने एकट्याने पुरे करणे जवळजवळ नाहीसे झाले आहे, आणि २०१९ मध्ये व पुन्हा २०२४ मध्ये या पारितोषिकास योग्य असा एकही पिचर समितीला आढळला नाही. पूर्वीचा पुरुषार्थ आता राहिला नाही, असा सूर अशा वेळी निघतोच. माझे म्हणणे याच्या उलट आहे. ज्याचा हात अतिवापराने आणि परक्या वापराने संपला त्याच्या नावाने अतिवापराची अट घालणे हा त्याचा गौरव नव्हे. २०१८ पासून समितीने सात डावांपर्यंतच्या चांगल्या कामगिरीचाही विचार आरंभिला, ही गोष्ट स्वागतार्ह. परंतु पूर्ण सामन्यांची अट जाऊन तिच्या जागी पिचर किती वर्षे निरोगी टिकला याचा विचार आला तर तो सावामुराला अधिक आवडला असता असे मला मनापासून वाटते.

शरीरशास्त्र काय सांगते ते थोडक्यात पाहू. पिचर चेंडू सोडतो त्या क्षणी खांदा ज्या वेगाने आत वळतो तो मानवी शरीराच्या सर्वांत वेगवान हालचालींपैकी एक आहे. त्याच्या किंचित आधी कोपराच्या आतील बाजूच्या अस्थिबंधावर त्याच्या सहनशक्तीच्या सीमेइतका ताण येतो. प्रौढ माणसात हा अस्थिबंध तुटतो. वाढत्या मुलात त्याआधी हाडाच्या टोकाची वाढीची कूर्चा दुखावते, कारण ती अजून कच्ची असते. स्नायू विश्रांतीने भरून निघतो, कूर्चेचे तितके सोपे नाही. १९७४ साली डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या अमेरिकन पिचराच्या कोपरात शरीरातील दुसऱ्या जागेचा स्नायुरज्जू बसवून त्याला पुन्हा खेळता केले, आणि तेव्हापासून ही शस्त्रक्रिया हजारोंवर झाली. परंतु शस्त्रक्रिया आहे म्हणून कोपर खर्चून टाकावे हा युक्तिवाद विम्याच्या भरवशावर घराला आग लावण्यासारखा आहे.

या ज्ञानाचा आणि कोशिएनच्या परंपरेचा झगडा गेली पंचवीस वर्षे चालला आहे, आणि त्यात क्योतो पुनःपुन्हा येते. १९९८ च्या उन्हाळ्यात योकोहामाच्या दाइसुके मात्सुझाका याने उपांत्यपूर्व सामन्यात सतरा डाव आणि २५० चेंडू टाकले. एक दिवस सोडून, २२ ऑगस्टला, अंतिम सामन्यात क्योतो सेइशो शाळेविरुद्ध त्याने एकही हिट दिला नाही. त्या दिवशी क्योतोच्या मुलांचा पराभव झाला, पण साऱ्या देशाने मात्सुझाकाला डोक्यावर घेतले आणि २५० चेंडूंचा आकडा शौर्याचा आकडा म्हणून पाठ झाला. २००६ मध्ये युकी साइतोने एका स्पर्धेत ९४८ चेंडू टाकले. २०१३ च्या वसंतात सोळा वर्षांच्या तोमोहिरो अनराकूने ७७२. तेव्हा मात्र परदेशी आणि मग देशी टीकाकारांनीही प्रश्न विचारावयास सुरुवात केली. २०१९ च्या जुलैमध्ये ओफुनातो शाळेच्या प्रशिक्षकांनी रोकी सासाकी या असामान्य वेगाच्या मुलाला प्रांताच्या अंतिम सामन्यात मैदानाबाहेर ठेवले. शाळा हरली, कोशिएनची संधी हुकली, आणि शाळेकडे संतप्त लोकांच्या तक्रारी लोटल्या. सासाकी पुढे व्यावसायिक झाला, २०२२ मध्ये त्याने एकही फलंदाज बेसवर न पोचू देता सामना जिंकला, आणि आज तो अमेरिकेत खेळतो आहे. त्या प्रशिक्षकांच्या निर्णयाला मी या साऱ्या इतिहासातील एक थोर कृत्य मानतो, कारण त्यांनी गावाच्या हट्टापुढे मुलाचा खांदा मोठा मानला आणि त्याची किंमत स्वतः भरली. २०२० पासून शालेय संघटनेने एका पिचराने एका आठवड्यात ५०० हून अधिक चेंडू टाकू नयेत असा नियम केला. पाचशे हाही आकडा थोडा नव्हे; तरी मुभेला मर्यादा असते हे प्रथमच कागदावर आले.

आणि मग २०२४ चा ऑगस्ट. मुळात कोरियन वंशाच्या मुलांसाठी निघालेल्या, सारे मिळून दीडशेच्या आसपास विद्यार्थी असलेल्या क्योतो इंटरनॅशनल शाळेने उन्हाळी स्पर्धा जिंकली. क्योतोकडे हे विजेतेपद १९५६ नंतर प्रथमच आले. अंतिम सामन्यात नऊ डाव झाले तरी कोणाचीच धाव नव्हती. पहिले नऊ डाव एका डावखुऱ्या मुलाने टाकले, दहावा निर्णायक डाव दुसऱ्या डावखुऱ्या मुलाने, आणि क्योतो २-१ असे जिंकले. साऱ्या स्पर्धेचा भार या दोघांनी वाटून घेतला होता. ज्या शहराने सावामुराला एकट्याने सारे वाहावयास शिकविले त्याच शहराच्या शाळेने, भार वाटून घेतला म्हणून विजय उणा होत नाही, हे भर कोशिएनवर सिद्ध केले. कोणी म्हणेल की दोन चांगले पिचर एका लहान शाळेला लाभले हे त्यांचे भाग्य. मी म्हणेन, दुसरा पिचर लाभत नसतो, घडवावा लागतो. आणि जोवर पहिल्यालाच सारे टाकावयास लावण्याची सोय आहे तोवर दुसरा घडविण्याचे कष्ट कोणी घेत नाही.

एक आक्षेप मात्र प्रामाणिक आहे व त्याला उत्तर दिले पाहिजे. मुलांना स्वतःलाच थांबावयाचे नसते. सावामुराला थांबावयाचे नव्हते, मात्सुझाकाला नव्हते. खेळाच्या ऐन रंगात आपल्याला बाहेर काढले तर त्यांना तो अपमान वाटला असता. हे खरे आहे, आणि त्या वयाचे हे तेज मला प्रिय आहे. परंतु अज्ञान मुलाने सही केलेला दस्तऐवज आपले कायदे ग्राह्य धरीत नाहीत, त्याची जमीन त्याच्या संमतीनेही विकता येत नाही. मग त्याचा खांदा तेवढा त्याच्या संमतीने खर्चिता येतो, हे कोणत्या न्यायाने? आपल्या तालमींतील जुने वस्ताद हे जाणत होते. पोराचे अंग भरेपर्यंत त्याला मोठ्या जत्रेच्या फडात उतरवायचे नाही, हा त्यांचा शिरस्ता होता, आणि पोराने कितीही हट्ट धरला तरी तो मोडला जात नसे.

क्रिकेटमध्ये आपण तो शिरस्ता आणला नाही. रमाकांत देसाई यांनी १९५९ च्या फेब्रुवारीत दिल्लीत, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, वेस्ट इंडीजविरुद्धच्या पहिल्याच कसोटीत एका डावात ४९ षटके टाकली. उंची इतकी लहान की लोक त्यांना कौतुकाने टायनी म्हणत. वेगवान गोलंदाजीत त्यांना जोडीदार म्हणावा असा कोणी बहुतेक वेळा नसे. २८ कसोट्यांत ७४ बळी घेऊन त्यांची कसोटी कारकीर्द १९६८ मध्ये, तिशीही गाठण्याआधी, आटोपली. मुंबईच्या शालेय स्पर्धांतील विक्रमी भागीदाऱ्या आपण तोंडपाठ सांगतो. जानेवारी २०१६ मध्ये कल्याणला प्रणव धनावडेने १००९ धावा केल्या त्या डावात त्याच्या शाळेने तीन बाद १४६५ धावा रचल्या, हेही सांगतो. त्या १४६५ धावा होईपर्यंत ज्या लहान मुलांनी चेंडू टाकले त्यांची षटके कोणी मोजली, त्यांना पाणी आणि सावली कोणी दिली, दुसऱ्या दिवशी त्यांचे खांदे कोणी तपासले, याची चौकशी एकाही सत्कारसभेत झाल्याचे ऐकिवात नाही. डाव घोषित करण्याचा अधिकार ज्या मोठ्यांच्या हाती होता त्यांनी तो वेळीच वापरला नाही, आणि त्यांना कोणी जाबही विचारला नाही.

इंग्लंडमध्ये वेगवान गोलंदाजी करणाऱ्या मुलांनी कोणत्या वयात सलग किती व दिवसाला किती षटके टाकावीत याचे कोष्टक क्रिकेट मंडळाने ठरवून दिले आहे. महाराष्ट्रातील प्रत्येक आंतरशालेय स्पर्धेने तसे कोष्टक गुणपत्रिकेबरोबर छापावे आणि मुलाच्या नावापुढे वर्षभराच्या षटकांची, सर्व स्पर्धा आणि सराव धरून, नोंद असलेली एक वही त्याच्याबरोबर संघासंघांतून फिरावी. एकाच मुलाला शाळा, क्लब आणि जिल्हा या तिघांनी आपापल्या परीने वापरून घ्यावे व तिघांपैकी कोणालाच दुसऱ्याची षटके ठाऊक नसावीत, ही सध्याची स्थिती अशा वहीने संपेल. षटके भरली की मुलाला थांबविण्याचा अधिकार पंचाकडे असावा. तो प्रशिक्षकाकडे ठेवून भागणार नाही, कारण ओफुनातोच्या प्रशिक्षकांसारखी माणसे दुर्मीळ असतात, आणि जो सामना जिंकण्यासाठी नेमला आहे त्यानेच तो हरण्याचे धैर्य दाखवावे अशी अपेक्षा धरून नियम करता येत नाहीत. राज्य संघटनांनी ज्या मुलांच्या हातांवर आपली विजयचिन्हे मिळविली त्यांच्या दुखापतींचा वैद्यकीय खर्च, मुलगा खेळ सोडून गेल्यावरही काही वर्षे, स्वतः उचलावा. दूरदर्शनच्या हक्कांपोटी क्रिकेटकडे येणारी रक्कम पाहता याला पैसे नाहीत असे कोणी म्हणू शकणार नाही.